मॉर्टर काडरमधला पावसाळा

पायदळातल्या जवानाला स्वतःची रायफल क्रमांकाने पाठ असते. हा क्रमांक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यावा, अशी सेंटरची, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राची, शिकवण असते, आणि भरतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती इतकी अंगात मुरते की कोतच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, खिडकीतून चुकून दुसऱ्याची रायफल हातात आली, तर नुसत्या पकडीवरूनच ती परकी असल्याचे कळते. मॉर्टरचे तसे नाही. ८१ मिलिमीटरची मॉर्टर एकट्याला धड वाहून नेता येत नाही, एकट्याला लावता येत नाही आणि नियमाप्रमाणे एकट्याला डागताही येत नाही. ती कोणा एकाच्या नावावर नसते. हे ऐकायला सोपे वाटते, पण माझ्यासारख्या, रायफलच्या निशाणबाजीत कंपनीत नाव कमावलेल्या आणि त्याचा थोडा अभिमान बाळगणाऱ्या जवानाला ते पचायला एक अख्खा पावसाळा लागला. आमची पलटण त्या वर्षी बेळगावात होती आणि सपोर्ट कंपनीचा मॉर्टर काडर, म्हणजे पलटणीच्या आतच चालणारा प्रशिक्षणवर्ग, जूनमध्ये सुरू झाला होता.

मी खानापूर तालुक्यातला. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर १९२२ पासून आहे, त्यामुळे आमच्या बाजूच्या गावांत फौज ही लांबची गोष्ट कधीच नव्हती. आमच्या गल्लीत एक आजोबा होते, ते जुन्या विकर्स मशीनगनवर होते. तिला ते ‘पाण्याची मशीनगन’ म्हणत, कारण तिच्या नळीभोवतीच्या डब्यात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे आणि फायर चालू असताना ते उकळू लागे. ‘एकानं गोळी मारायची, दुसऱ्यानं पट्टा धरायचा आणि तिसऱ्यानं पाणी बघायचं,’ असे ते सांगत, आणि पुढे न चुकता जोडत, ‘पाणीवाला चुकला की तिघंबी गेले.’ लहानपणी मला या गोष्टीत फक्त मशीनगन दिसायची.

सेंटरमध्ये रंगरूट म्हणून या हत्यारांची तोंडओळख झाली. तिथल्या शर्कत युद्धस्मारकासमोरून दौडत जाताना उस्ताद आम्हाला थांबवून १९१८ मधली, इराकच्या शर्कत इथली ११४व्या मराठा पलटणीची लढाई सांगत. नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट मात्र हत्यारांच्या तासालाच सांगितली जाई, आणि ती सांगण्याची उस्तादांची पद्धत वेगळी होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने जवळून मारा करून घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे जवान मारले किंवा जखमी केले. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले, त्यांनी ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला टॉमी गनने टिपले आणि मॅगझीन बदलायला सवड नाही असे पाहून उरलेल्या दोघांना त्याच बंदुकीच्या दस्त्याने संपवले. नंतर दुरून आलेल्या गोळ्यांनी ते त्याच मोर्चात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याबद्दल सगळेच सांगत, पण आमचे उस्ताद फळ्यावर तो मोर्चा काढून विचारत, ‘मशीनगनवर किती माणसं होती? चार. घाडगेसाहेबांनी गन बंद पाडली आणि मग थांबले का? नाही. का नाही? कारण गन म्हणजे नुसतं लोखंड नाही, ती चार माणसं म्हणजे गन.’ एक जरी उरला असता तरी गनचा मोर्चा पुन्हा उभा राहिला असता, हे त्यांना आमच्या डोक्यात बसवायचे होते.

पलटणीत आल्यावर मी आधी एमएमजीवर, म्हणजे मीडियम मशीनगनवर, काही आठवडे काढले. ७.६२ मिलिमीटरची ही मशीनगन मूळची बेल्जियमची मॅग, आता देशातच बनते. नुसती गन सुमारे ११ किलोची, तिपाई वेगळी. तिपाईवर बसवली की ती १८०० मीटरपर्यंत उपयोगी मारा करते. तिच्यावर एक जण फायर करतो आणि दुसरा डाव्या बाजूला आडवा पडून गोळ्यांचा पट्टा हातावर असा धरतो की पट्टा पिळला जाऊ नये आणि मातीत लोळू नये. नळी तापली की ती बदलायची, तीही काही सेकंदांत, आणि तापलेली नळी कुठे ठेवायची हे आधीच ठरलेले असायचे, कारण सुक्या गवतावर ठेवली तर वणवाच. एमएमजीवरसुद्धा दोघांचे जमावे लागते, पण तिथे निदान निशाण दिसते. ८४ मिलिमीटरच्या रॉकेट लाँचरलाही तसेच आहे. तिथे लोडरने मागे वळून पाहून ‘पीछे साफ’ म्हटल्याशिवाय फायर होत नाही, कारण लाँचरच्या मागच्या तोंडातून निघणारा झोत मागे उभ्या असलेल्या माणसाला जिवंत सोडत नाही. तरीही डोळा निशाणावर असतो आणि ज्याचा डोळा असतो त्याचेच बोट घोड्यावर असते. मॉर्टरने हे दोन्ही माझ्याकडून काढून घेतले.

निवडीच्या दिवशी सुभेदारसाहेबांनी आम्हाला रांगेत उभे करून आधी पाठी आणि खांदे पाहिले, आणि नंतर, आम्हाला कोणालाच अपेक्षित नसताना, पाढे विचारले. ‘सव्वीस चोक?’ मी म्हटले, ‘एकशे चार, साहेब.’ ‘सतरा साते?’ ‘एकशे एकोणीस.’ गावच्या मराठी शाळेत गुरुजींनी तिसापर्यंतचे पाढे छडी दाखवून पाठ करून घेतले होते, त्याचा फायदा असा वीस वर्षांचा झाल्यावर झाला. ज्यांची पाठ मजबूत पण पाढे कच्चे, ते दुसऱ्या प्लाटूनला गेले.

पहिल्या दिवशी मॉर्टर तीन तुकड्यांत आमच्यासमोर मांडली होती. नळी, दुपायी आणि बेस प्लेट, सगळे मिळून वजन साधारण ४० किलो. तुकडे दहा ते पंधरा किलोचे म्हणजे फार नाहीत असे पाहणाऱ्याला वाटते, पण पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि त्यावर ती लोखंडी थाळी घेऊन चढण चढल्यावर थाळीची कड नेमकी कुठल्या मणक्यावर बसते ते कळते. शिवाय प्रत्येक बॉम्ब चार किलोंच्या आसपास. नळी आतून गुळगुळीत, रायफलसारखे आटे नाहीत. तळाशी एक छोटी पिन. बॉम्ब वरून शेपटीच्या बाजूने सोडायचा, तो आपल्याच वजनाने घसरत खाली जातो, शेपटीतले काडतूस पिनेवर आपटते, पेटते, आणि त्याच्या ज्वाळेने शेपटीभोवती अडकवलेले जादा दारूचे कडेही पेटून बॉम्ब आला त्याच तोंडाने बाहेर पडतो. घोडा नाही, बोल्ट नाही. इंग्लंडात विल्फ्रेड स्टोक्स यांनी १९१५ मध्ये खंदकांच्या युद्धासाठी हा साधा आराखडा केला, पुढे फ्रान्समध्ये एडगर ब्रांट यांनी १९२७च्या सुमारास तो सुधारला, आणि आज जगभरच्या पायदळांत असलेल्या ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरी बहुतेक त्याच घराण्यातल्या आहेत.

मराठीत तिला उखळी तोफ म्हणतात, हे मला शाळेपासून माहीत होते, पण शब्दाचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांपुढे आला. आमच्या घरी पडवीत दगडी उखळ आहे. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरच्या वाळल्या की आई आणि चुलती समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात दोन मुसळांनी मिरची कुटत. एकीचे मुसळ वर तेव्हा दुसरीचे खाली. बोलणे चालू असायचे, नजर कधी कधी रस्त्याकडेही जायची, पण मुसळाला मुसळ लागलेले मी पाहिले नाही. काडरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोडर बॉम्ब सोडून खाली वाकतो आणि दुसरा बॉम्ब हातात देणारा तोवर पुढे आलेला असतो, ही हालचाल आम्ही कोरड्या कवायतीत पन्नासाव्यांदा चुकवली, तेव्हा मला त्या दोघी आठवल्या.

हा चुकण्याचा भाग मला सविस्तर सांगायचा आहे, कारण शिकणे तिथेच झाले.

मला लेयरचे काम दिले होते. लेयर म्हणजे साइटमधून पाहून नळी नेमकी कोन साधून लावणारा. फौजी हिंदीत निशाण साधण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. आम्ही मराठी पोरे सुरुवातीला गोंधळत असू, कारण आपल्याकडे शिस्त म्हणजे वागण्याची. उस्ताद सातारकडचे होते. त्यांनी सांगितले की जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे असाच अर्थ होता, आणि ते खरेच आहे, आमच्या आजोबांच्या बोलण्यातही तो यायचा. पण मॉर्टरच्या लेयरची शिस्त निशाणावर नसते. निशाण असते डोंगरामागे. रायफल, एमएमजी, लाँचर यांच्या गोळ्या सरळ जातात, म्हणून डोंगराच्या पलीकडच्या उतारावर बसलेला माणूस त्यांच्यापासून सुरक्षित असतो; मॉर्टरचा बॉम्ब उंच जाऊन जवळजवळ उभा खाली येतो, म्हणून तो त्याच्यापर्यंत पोचतो. त्याच कारणाने तो मॉर्टरवाल्यांना कधी दिसत नाही. त्याला पाहणारा एमएफसी, म्हणजे मॉर्टर फायर कंट्रोलर, पुढे कुठेतरी टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेला असतो. तो रेडिओवर सांगतो, मागे प्लॉटर नकाशावर हिशोब करतो, आकडे आमच्याकडे येतात, आणि मी ते आकडे साइटवर लावून नळी एका भलत्याच, सहज दिसणाऱ्या खुणेवर बसवतो. पाहणारा हत्याराला हात लावत नाही आणि हात लावणारा पाहत नाही.

आमच्या मैदानावरून, हवा स्वच्छ असली की, दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड दिसे. उस्तादांनी तो आमचा मददगार निशान, म्हणजे साइट बसवायची खूण, ठरवला होता. खूण जितकी लांब तितकी चांगली, कारण मॉर्टर दोन हात इकडेतिकडे सरकली तरी दहा-बारा किलोमीटरवरच्या गडाकडची दिशा जवळजवळ बदलत नाही. पन्नास मीटरवर रोवलेल्या खांबाची मात्र लगेच बदलते. पाऊस सुरू झाला की गड ढगात जायचा आणि आम्हाला खांबांवर काम करावे लागायचे.

साइटवर वर्तुळाचे ६४०० भाग केलेले असतात, त्यातल्या एका भागाला मिल म्हणतात. ही फार सोयीची मोजणी आहे, कारण एक मिलची चूक एक किलोमीटरवर साधारण एक मीटरची होते, तीन किलोमीटरवर तीन मीटरची. साइटला शिवाय दोन छोट्या काचेच्या नळ्या असतात, गवंड्याच्या पाणसळीसारख्या, त्यांत हवेचा बुडबुडा. आम्ही त्याला बबलच म्हणत असू. एक हात चाकावर ठेवून उंची साधायची, दुसऱ्या हाताने आडवा तोल साधायचा, एक बबल मधोमध आणला की दुसरा सरकतो, दुसरा आणला की खुणेवरून साइट हलते, आणि हे तिन्ही एकाच वेळी जमले की ‘तैयार’ म्हणायचे. चांगला लेयर हे काही सेकंदांत करतो. माझे हात रायफलचे होते, त्यांना चटकन घट्ट धरायची सवय होती. इथे हलके धरावे लागते.

जुलैतल्या एका सकाळी, घाईत, मी शंभराचा आकडा चुकीचा वाचला. बारीक पट्टी बरोबर लावली, मोठ्या पट्टीवर एक घर पुढे गेलो, दोन्ही बबल मधोमध आणले आणि मोठ्या आवाजात ‘तैयार’ म्हटले. कोरडी कवायत होती, बॉम्ब लाकडी होता. उस्तादांनी साइटमध्ये पाहिले आणि विचारले, ‘अंतर किती दिलंय?’ मी म्हटले, ‘तीन हजार.’ ‘चूक किती?’ मी पाहिले आणि माझ्या लक्षात आले. ‘शंभर मिल, उस्ताद.’ ‘मग किती मीटर?’ ‘तीनशे.’ ‘चल, चालून बघू.’

मला वाटले होते की रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, मिळणार. पण उस्ताद नुसते माझ्याबरोबर चालू लागले, मैदानाच्या कडेने, पावसात. ते मोठ्याने पावले मोजत होते. चारशेच्या जवळ आल्यावर आम्ही मैदानाच्या हद्दीवर पोचलो, आणि कुंपणापलीकडे रताळ्याचे शेत होते. डोक्यावर इरले घेतलेली एक बाई वाफ्यात वाकून तण काढत होती. ‘राम राम, मावशी,’ उस्ताद म्हणाले. तिने वर पाहून ‘राम राम’ म्हटले आणि ‘पावसात काय करायलासा?’ असे विचारले. ‘पोराला शिकवतोय,’ ते म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेवर ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर मी आकडा लावल्यावर तो ओठांत पुन्हा वाचू लागलो, मोठी पट्टी आधी, बारीक नंतर. ती सवय माझी निवृत्तीपर्यंत टिकली.

आमच्या लोडरचे आणि माझे मात्र सुरुवातीला जमत नव्हते. तो गोकाककडचा, कन्नड बोलणारा. आमच्या रेजिमेंटमध्ये कर्नाटकातली पोरे असतातच, आणि बेळगावात राहिलेल्याला कन्नड कानावर असतेच, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. हुकूम हिंदीत, बोलणे मराठीत, बाजारात कन्नड, असे आमचे चालायचे. अडचण होती वेळेची. बॉम्ब सुटल्यापासून पडेपर्यंतची सेकंदे तोंडाने मोजत राहायची, अशी आमच्या डिटॅचमेंटची, म्हणजे एका मॉर्टरवरच्या टोळीची, पद्धत होती, म्हणजे घड्याळ नसले तरी अंदाज राहतो आणि बॉम्ब पडला की नाही याकडे लक्ष राहते. मी मराठीत मोजायचो, तो कन्नडमध्ये. माझे वीस होईपर्यंत त्याचे तेवीस व्हायचे. त्याचे म्हणणे मी रेंगाळतो, माझे म्हणणे तो पळतो. एकदा हे भांडण इतके वाढले की कमांडरने आम्हा दोघांना लंगरसमोर घड्याळ देऊन उभे केले आणि दोघांचे सलग दहा वेळा तीस-तीस जुळेपर्यंत जेवायला सोडले नाही. त्या रात्री जुळले, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर पुन्हा फरक पडला. घाई झाली की माणूस आपल्या भाषेत आणि आपल्या चालीने मोजतो.

ऑगस्टमध्ये पाऊस जोरात लागला तेव्हा बेस प्लेटने आम्हाला छळले. बेळगावची तांबडी माती सुकी असते तेव्हा कुदळ उडवून लावते, आणि भिजली की पाय गिळते. बेस प्लेटचे काम फायरचा सगळा धक्का जमिनीत उतरवणे हे आहे, म्हणून ती पहिल्या एक-दोन बॉम्बांत घट्ट रुतून बसावी लागते. पण ती वाकडी रुतली तर दर धक्क्याला नळीचा कोन थोडा थोडा बदलत जातो, आणि चिखलात ती एका बाजूने खचत राहिली तर प्रत्येक वेळी सगळे पुन्हा साधावे लागते. आम्ही तिच्याखाली माती उकरून दगडाचे तुकडे भरायचे शिकलो, मातीच्या पोत्यांनी तिला टेकू द्यायचे शिकलो, आणि कुठल्या जागेवर मॉर्टर लावूच नये तेही शिकलो. उस्ताद टाचेने जमीन दाबून सांगत, ‘इथं नको.’ एका दुपारी भर पावसात दुपायीचा क्लॅम्प घट्ट करताना माझ्या डाव्या तर्जनीचे नख अर्धे निघाले. लोडरने आपल्या फुलथ्रूच्या, म्हणजे रायफलची नळी पुसायच्या दोरीच्या, पिशवीतली कोरी चिंदी काढून बोट बांधले आणि माझ्या बाजूचा बबल स्वतः साधला. लेयरचे काम लोडरला आणि लोडरचे काम लेयरला आले पाहिजे, हा नियम होता, पण त्या दिवशी त्याने ते न विचारता केले.

मिसफायरची कवायत आम्ही सगळ्यांत जास्त वेळा केली. बॉम्ब आत सोडला आणि सुटला नाही तर काय करायचे, याची ही कवायत आहे. सगळे थांबतात, कोणी हलत नाही, ठरलेला वेळ जाऊ देतात. मग नळीचा खालचा भाग प्लेटवरून सोडवून अलगद वर उचलतात, म्हणजे बॉम्ब घसरत तोंडाशी येतो, आणि तिथे एक जण दोन्ही हातांचे अंगठे कडेवर ठेवून, तोंडावर हात न आणता, त्याला झेलतो. लाकडी बॉम्बाने हे शेकडो वेळा केले. सगळ्यांत मोठा धोका वेगळाच असतो. फायरच्या गोंगाटात पहिला बॉम्ब सुटला नाही हे कळलेच नाही आणि लोडरने वरून दुसरा सोडला, तर दोन्ही नळीतच फुटू शकतात. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेत नेवाडा इथे सरावात असेच घडून सात मरीन मारले गेल्याचे वाचले, तेव्हा मी त्या रात्री नीट झोपलो नाही. आमच्या कवायतीत लोडरने सोडलेला प्रत्येक बॉम्ब ‘गया’ असे ओरडून सांगायचा आणि लेयरने ते ऐकूनच पुढे जायचे, ही पद्धत सुभेदारसाहेबांनी घालून दिली होती. आवाज आला नाही तर पुढचा बॉम्ब हातातच राहायचा.

गणपतीत रविवारचा आउटपास मिळाला आणि मी घरी गेलो. आईने नख पाहिले आणि काही विचारले नाही, हळद लावली. पडवीतल्या उखळापाशी बसून मी तिला आमची मॉर्टर कशी चालते ते सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘ज्याच्यावर पडतं त्याला कोण बघतं?’ मी सांगितले, पुढे एक माणूस बसलेला असतो. ती म्हणाली, ‘मग तो चांगला असाया पाहिजे.’

खरा फायर जानेवारीत झाला, राजस्थानात बिकानेरकडच्या महाजन फील्ड फायरिंग रेंजवर. तांबड्या चिखलातून निघून आम्ही वाळूत आलो होतो, आणि पहाटे नळीला उघडा हात लावला तर चिकटेल अशी थंडी. वाळूत बेस प्लेट बसवण्याची तऱ्हा वेगळी, पण टाचेने जमीन दाबण्याची सवय कामाला आली. लाल झेंडे वर गेले. आकडे आले. मी मोठी पट्टी वाचली, बारीक वाचली, ओठांत पुन्हा वाचली. राजहंसगड इथे नव्हता. दूरच्या वाळूच्या टेकडीवरचे एकटे खेजडीचे झाड होते. बबल आले. ‘तैयार.’ लोडरने बॉम्बाची शेपटी नळीच्या तोंडात धरली, सेफ्टी पिन निघालेली होती, कडी मोजलेली होती. हुकूम झाला, त्याने सोडला, वाकला. जमीन गुडघ्यांतून वर आली. ‘गया!’

मग काही नसते. आकाश रिकामे असते. मी मोजत होतो आणि बाजूला त्याचे ओठ हलत होते. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. रेडिओवर एमएफसीचा आवाज आला की बॉम्ब पडला, थोडा उजवीकडे, थोडा पुढे. त्यानंतर, आवाजाला तीन किलोमीटर यायला लागतात तेवढ्या आठ-नऊ सेकंदांनी, स्फोटाचा धक्का आमच्यापर्यंत पोचला. मला इतके महिने हे ठाऊक होते, तरीही बातमी आधी आणि आवाज नंतर येतो, याने अंगावर काटा आला. डावीकडे, मागे, पुन्हा पुढे, दर वेळी दुरुस्ती निम्मी करत एमएफसीने आम्हाला निशाणावर आणले आणि मग सलग बॉम्ब सोडण्याचा हुकूम झाला.

त्यातला सातवा की आठवा सुटला नाही. लोडर वाकला आणि ‘गया’ आले नाही. मी वर पाहिले. पुढचा बॉम्ब हातात घेऊन आलेला जवान एक पाऊल पुढे आला होता, आणि लोडरने मागे न पाहता हात आडवा करून त्याला थोपवले. ‘तडी,’ तो म्हणाला, थांब, अगदी हळू, हिंदीत नाही, मराठीत नाही. कमांडरने ‘मिसफायर’ पुकारले. आम्ही थांबलो. ठरलेला वेळ गेला. मग मी नळीचा तळ सोडवला आणि बोटाबोटाने वर उचलू लागलो. आत लोखंडावर लोखंड घसरल्याचा लांब, बारीक आवाज झाला, आणि लोडरच्या अंगठ्यांमध्ये बॉम्बाचे नाक आले. त्याने तो बाहेर काढून पलीकडे नेऊन ठेवला. नळीत आम्ही पाहिले तर जळक्या दारूची काजळी साचली होती. मधल्या विश्रांतीत चिंदी मारायची, म्हणजे नळी आतून पुसायची होती, ती आम्ही, निशाणावर आल्याच्या आनंदात, टाळली होती. बॉम्ब हवा तितक्या जोरात खाली गेलाच नव्हता. चूक आमच्या चौघांची होती आणि कमांडरने ती वहीत तशीच लिहिली.

नळी पुसली, पुन्हा प्लेटवर बसवली. हलल्यामुळे सगळे साधणे मोडले होते, तेव्हा ते खेजडीचे झाड पुन्हा साइटमध्ये आणले, मोठी पट्टी, बारीक पट्टी, दोन्ही बबल. ‘तैयार.’ लोडरने शेपटी तोंडात धरली. सोडला. ‘गया!’

दोघेही मोजत होतो. रेडिओवर ‘निशाणावर’ असे आले तेव्हा तो माझ्याकडे वळला.

‘एष्टु?’ त्याने विचारले. किती?

‘सत्तावीस.’

त्याने मान हलवली. त्याचेही ‘इप्पत्तेळु’ झाले होते.